काजव्यांची पिल्लं पाचोळ्यात असतात

कोकणातल्या काही किनाऱ्यांवर हिवाळ्याच्या रात्री लाट फुटली की निळा उजेड सांडतो. तो पाण्यातल्या नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म जीवांचा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही, पण तसाच थंड उजेड पावसाच्या तोंडावर आपल्या रानात उडतो. काजव्यांचा. त्यांच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याला प्राणवायू मिळाला की उजेड पडतो, आच मात्र जवळजवळ नसतेच. म्हणून काजवा मुठीत धरला तरी पोरांना चटका बसत नाही.

ही लुकलुक म्हणजे त्यांचं बोलणं. नर उडता उडता खूण करतो, मादी झुडपातून उत्तर देते. मध्येच आपली बॅटरी चमकली की ते बोलणं तुटतं. नगरकडच्या भंडारदऱ्याला काजवे बघायला एवढी झुंबड उडू लागली की वनखात्याला बंधनं घालावी लागली. आपल्याकडे वाघ-अस्वलाच्या मुलखात रात्री रानात जायचंच कशाला? दिवे मालवून अंगणात बसा. डोळे अंधाराला सरावले की रानाच्या कडेचे काजवे दिसू लागतात.

पण दिसण्याआधी ते जगले पाहिजेत. उडणारा काजवा थोड्या दिवसांचा सोबती. त्याआधी कित्येक महिने तो अळी होऊन ओल्या मातीत, पाचोळ्यात गोगलगाई खात राहतो. आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं नीट दिसावीत म्हणून आपण तोच पाचोळा पेटवतो! तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. ती एका झाडापुरती थोडीच राहते?

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपत्त्याची कमाई सोडून दिली, कारण त्यापायी झाडं छाटली जातात, रान जळतं. हातचा रोख पैसा सोडणं सोपं नाही, प्रत्येक गावाला ते परवडेल असंही आम्ही म्हणणार नाही. मोह मात्र न पेटवताही वेचता येतो. पाचोळा खराट्यानं बाजूला सारा, नाहीतर झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरा. पहाटे गळलेलं फूल त्यावरच पडतं, त्याला माती-राख लागत नाही, वाळवायलाही बरं. झाडायला वेळ जास्त जातो, हे खरं. तेवढा खराटा घरातल्या पुरुषांच्या हाती द्यायला हरकत नाही.