फ्लॅपनंतर लक्ष खालच्या टोकाकडे हवं

पायलोनिडल सायनस (माकडहाडाजवळ केस रुतून होणारा नासूर) कापून काढला की आजार मुळासकट गेला असं रुग्ण धरून चालतो, आणि टाक्यांतून जरा पाणी आलं की तोच रुग्ण आजार उलटला म्हणून हबकतो. दोन्ही समजुतींत एक गोष्ट सुटते: खरा दोष माकडहाडाजवळच्या खड्ड्यात कमी आणि नितंबांमधल्या खोल घळीत जास्त आहे. तिथं घाम साचतो, कातडी घासते आणि सुटे केस आत रुततात. जर्मन संशोधकांना सायनसमध्ये सापडलेले बरेचसे केस आखूड आणि कापलेल्या, धारदार टोकांचे होते. डोक्यावरून खाली आलेले असावेत असे. ग्रीक लष्करी सर्जन कॅरिडाकिस यांनी ही खोल घळ लक्षात घेऊनच टाक्यांची रेघ मधोमध न ठेवता बाजूला नेली, घळही उथळ केली. 1973 मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. घळ उथळ करणाऱ्या दुसऱ्या एका पद्धतीत, लिंबर्ग फ्लॅपमध्ये, शंकरपाळ्याच्या आकाराचा भाग काढतात आणि शेजारची कातडी चरबीसकट, रक्तपुरवठा न तोडता, तिथं फिरवून बसवतात.

ऑपरेशननंतरची प्रत्येक तक्रार याच रचनेच्या संदर्भात पाहायला हवी. फ्लॅपखाली पाणी साचणं, कडेला थोडी जखम उसवणं, कातडी बधिर राहणं हे त्रास होतात, पण म्हणजे आजार परतला असं नव्हे. पाणी सुईनं काढता येतं, उसवलेली जागा बहुधा ड्रेसिंगनं भरते. ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा काळी पडणारी कड दिसली तर मात्र त्याच दिवशी सर्जनला दाखवावं. सिगारेटही टाळावी: तिनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅपच्या टोकाला रक्त आधीच कमी पोचतं. सर्वांत नाजूक जागा गुदद्वाराकडचं खालचं टोक. ते मधल्या रेषेवर आलं की ओल आणि घर्षण पुन्हा तिथंच; सुधारित लिंबर्गमध्ये ते मुद्दाम बाजूला सरकवतात.

एवढ्याशा आजाराला एवढा मोठा व्रण कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पहिल्यांदाच झालेल्या, लहान सायनसला छोटी प्रक्रिया पुरू शकते, आणि तिथं फ्लॅपचा आग्रह मला पटत नाही. पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारात मात्र पर्याय महाग पडतात. जखम उघडी ठेवली तर भरायला अनेक आठवडे, कधी महिने जातात. मधोमध सरळ टाके घालणं सोपं दिसतं, पण 2018 च्या एका मोठ्या विश्लेषणात त्या पद्धतीनंतर 20 वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण 68 टक्क्यांच्या आसपास पोचलं. फ्लॅपनंतरही तो परतू शकतो, फक्त बराच कमी. म्हणून वर्षभराच्या निकालावर कोणत्याही पद्धतीची बढाई ऐकून घेऊ नये. केस काढण्याचा सल्लाही सरसकट नको: जर्मन सैनिकांच्या पाहणीत ऑपरेशननंतर रेझर वापरत राहिलेल्यांत आजार जास्त वेळा परतला होता.