जुन्या एसीला निरोप देताना

घरात बारा-पंधरा वर्षांचा एसी असला की मार्च उजाडताच प्रश्न पडतो, यंदा दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी बरीच वर्षे वातानुकूलन शिकवले. त्यामुळे ओळखीची मंडळी हा प्रश्न मला हमखास विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, ‘यंत्राचे वय राहू द्या, त्यात दरवर्षी गॅस भरावा लागतो का?’

एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. एखादा सांधा गळत असेल तर ब्रेझिंग करून काम भागते. पण कॉइलच ठिकठिकाणी गंजली असेल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल, तर जुन्यावर खर्च करू नये.

बहुतेक जुन्या यंत्रांत आर-२२ हा गॅस असतो. तो ओझोनच्या थराला अपाय करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवला जात आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रे बनवताना तो वापरता येत नाही. अशा वेळी कुणी ‘त्याऐवजी आर-३२ भरून देतो’ म्हणाले, तर स्पष्ट नाही म्हणा. आर-३२ चा दाब बराच जास्त असतो, शिवाय तो पेट घेऊ शकतो. जुने यंत्र त्यासाठी बनवलेलेच नसते.

आता विजेचा हिशेब. दीड टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. ते ताशी साधारण सव्वापाच युनिट उष्णता बाहेर फेकते, असा त्याचा अर्थ. जुने यंत्र एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता फेकत असेल, तर तासाला दोन युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. नव्या यंत्राच्या लेबलवर ‘आयएसईईआर’ नावाचा आकडा असतो. तो ५ असेल तर तेवढेच काम ढोबळमानाने एका युनिटात होते. वर्षाला असे ५०० तास धरले, तर पाचशेच्या वर युनिट वाचतात. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहा. मात्र ज्यांच्याकडे एसी वर्षातून पंधरा-वीस दिवसच लागतो आणि गळतीही नाही, त्यांनी नव्याची घाई करू नये.

ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात. म्हणून केवळ तारे मोजू नका. लेबलवरचे वर्ष आणि तो आकडा वाचा.

बसवणाऱ्याला सांगा, नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढ. थोडा गॅस सोडून हवा हुसकावण्याची घाईची पद्धत चालू देऊ नका. आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरचे आयुष्य खातो. बाहेरच्या भागाला मोकळी हवा हवी. प्लग गरम होत असेल, तर आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या.

राहता राहिला जुना एसी. भंगारात नळी कापली की गॅस थेट हवेत जातो. एक किलो आर-२२ हवेची जी तापवातापवी करतो, ती सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी असते. म्हणून यंत्र नेणाऱ्याला आधी विचारा, ‘गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणार ना?’ ‘हो’ म्हणेल त्यालाच यंत्र द्या. बदल्यात शे-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील.