कर्ट कोबेनची थोरवी कशात?

कर्ट कोबेन या अमेरिकी गायक-गीतकाराने 5 एप्रिल 1994 रोजी सिएटल येथे आपले जीवन संपवले, तेव्हा त्याला 27 वर्षे पूर्ण होऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि त्याच्या ‘निर्वाणा’ या बँडचे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले पूर्ण अल्बम अवघे तीन होते. एवढ्याशा निर्मितीच्या बळावर त्याला थोर संगीतकारांमध्ये स्थान द्यावे का, हा प्रश्न रॉक संगीताच्या चर्चेत पुन्हा पुन्हा उपस्थित होत आला आहे. मात्र त्याची उत्तरे बहुधा संगीताबाहेरच्या कारणांवर उभी असतात. चाहते त्याला एका पिढीचा आवाज म्हणतात, टीकाकार अकाली मृत्यूने त्याला मोठे केले असे म्हणतात, आणि त्याच्या गाण्यांपाशी दोघेही फार वेळ थांबत नाहीत. बालकवी गेले तेव्हा तेही 27 वर्षांचेच होते, पण त्यांची कविता मोठी की नाही हे त्यांच्या अपघाती मृत्यूवरून कोणी ठरवत नाही. कोबेनलाही तोच न्याय लावायला हवा.

कोबेनचा जन्म 20 फेब्रुवारी 1967 रोजी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात, ॲबरडीन या लाकूड उद्योगावर जगणाऱ्या गावात झाला. तो नऊ वर्षांचा असताना आई-वडील विभक्त झाले आणि पुढील वर्षे त्याने कधी एका नातेवाइकाकडे, कधी दुसऱ्याकडे अशी काढली. त्याच परिसरात उदयाला आलेल्या ‘मेल्विन्स’ या बँडच्या संथ आणि कमालीच्या जड वादनाचा त्याच्यावर खोल ठसा उमटला, आणि 1987 मध्ये क्रिस्ट नोवोसेलिक या बासगिटारवादक मित्राबरोबर त्याने स्वतःचा बँड उभा केला. सिएटल आणि भोवतालच्या गावांत तेव्हा एक नवा नाद आकार घेत होता. 1970 च्या दशकात आलेल्या पंक संगीताने कौशल्याचे प्रदर्शन नाकारून चार-दोन स्वरांत, वेगात आणि रोखठोक बोलण्याचा मार्ग दाखवला होता, तर हेवी मेटलने खर्जातील गिटारचा प्रचंड, दाट आवाज दिला होता. या दोहोंच्या मिश्रणाला ‘ग्रंज’ हे नाव रूढ झाले. ‘साउंडगार्डन’ आणि ‘मडहनी’ यांनी ही वाट कोबेनच्या कीर्तीपूर्वीच मळवली होती, त्यामुळे ग्रंजचा जनक म्हणून त्याला मोठेपण देणे इतिहासाला धरून होत नाही. ‘सब पॉप’ या स्थानिक कंपनीने 1989 मध्ये काढलेला ‘ब्लिच’ हा निर्वाणाचा पहिला अल्बम सुमारे 600 डॉलर खर्चून तयार झाला होता, आणि त्यातील बरीचशी गाणी त्या परिसरातील इतर बँडच्या गाण्यांत सहज मिसळून जातील अशी आहेत. अपवाद ‘अबाउट अ गर्ल’चा. बीटल्सच्या सुरावटींवर पोसलेला कान त्यात प्रथमच उघडपणे दिसतो, आणि कोबेनच्या थोरवीचा शोध तेथूनच सुरू करावा लागतो.

त्यासाठी त्याच्या गिटारची भाषा थोडी समजून घेतली पाहिजे. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहाला कॉर्ड म्हणतात. भारतीय परिभाषेत सांगायचे तर षड्ज, गांधार आणि पंचम एकत्र वाजले की साधी कॉर्ड तयार होते, आणि गांधार शुद्ध की कोमल यावर तिचा भाव, उजळ की उदास, ठरतो. रॉकमधील ‘पॉवर कॉर्ड’मध्ये हा गांधार वगळून केवळ षड्ज-पंचम वाजवतात, कारण आवाज मुद्दाम फाटका आणि खरखरीत करणाऱ्या डिस्टॉर्शन या प्रक्रियेत गांधार गढूळ होतो, तर षड्ज-पंचमाची जोडी भक्कम उभी राहते. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या निर्वाणाच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात अशाच चार पॉवर कॉर्ड सा, म, कोमल ग आणि कोमल ध या क्रमाने फिरत राहतात. इतका अल्प ऐवज घेऊन हजारो बँड हजारो विसरण्याजोगी गाणी वाजवतात. कोबेनचे वेगळेपण असे, की गिटारने भाव मोकळा सोडलेल्या जागेवर तो स्पष्ट वळणांची, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशी चाल गातो, आणि उजळ की उदास याचा निर्णय अनेकदा गायकाच्या गळ्याकडे राहतो. खाली कल्लोळ आणि वर चाल, अशी ही रचना असते. दोहोंपैकी एकही दुसऱ्यासाठी तडजोड करत नाही.

24 सप्टेंबर 1991 रोजी प्रकाशित झालेल्या ‘नेव्हरमाइंड’ने ही रचना जगभर पोहोचवली. शांत कडवे आणि त्यावर अचानक कोसळणारे ध्रुवपद ही तिची खूण. ती बॉस्टनच्या ‘पिक्सीज’ या बँडकडून उचलल्याचे कोबेनने स्वतः मोकळेपणाने सांगितले होते. श्रेयाचा हिशेब येथे नीट मांडला पाहिजे. निर्माता बुच व्हिग याने कोबेनच्या आवाजाचे दोन थर एकावर एक मुद्रित करण्याचा आग्रह धरला आणि कोबेन राजी होईना तेव्हा बीटल्सचा जॉन लेननही असेच करत असे हे त्याला पटवले. 1990 मध्ये दाखल झालेल्या डेव्ह ग्रोलच्या ड्रमवादनाविना ती ध्रुवपदे इतक्या ताकदीने कोसळलीच नसती. अल्बमने जानेवारी 1992 मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे टाकून अमेरिकी विक्रीयादीत पहिले स्थान घेतले आणि पुढे त्याच्या जगभरात 3 कोटींहून अधिक प्रती खपल्या. एमटीव्ही या संगीतवाहिनीचे आशियाई प्रक्षेपणही सप्टेंबर 1991 मध्येच सुरू झाले होते, त्यामुळे पुढील काही वर्षांत मुंबई-पुण्यातील केबलजोडणी असलेल्या घरांतही ही गाणी पोहोचली. अर्थात खप हा प्रसिद्धीचा पुरावा होय. थोरवीचा पुरावा तेवढ्याने मिळत नाही.

कोबेनवरील सर्वांत जुना आक्षेप असा, की तो सामान्य प्रतीचा गिटारवादक होता. जिमी हेंड्रिक्ससारख्या वादकाशी तुलना केली तर हा आक्षेप मान्यच करावा लागतो. परंतु ‘टीन स्पिरिट’ आणि ‘कम ॲज यू आर’ या गाण्यांतील एकल गिटारवादन लक्षपूर्वक ऐकले, तर तेथे बोटांची चपळाई दाखवण्याची संधी बाजूला सारून गायलेली चालच पुन्हा वाजवली आहे असे आढळते. चाल सर्वोच्च आणि बाकी सारे तिच्या सेवेला, ही एका रचनाकाराची निवड आहे, आणि त्याचे मूल्यमापन रचनाकार म्हणूनच व्हायला हवे.

शब्दांविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. वहीतील सुट्या कवितांचे तुकडे जोडून, कधी ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर, तो गीत पुरे करत असे, आणि त्यामुळे काही गाण्यांत अर्थ धूसर राहतो तो खोलीमुळे नव्हे, घाईमुळे. पण जेथे विषयाने त्याला धरले, तेथे हा सैलपणा नाहीसा होतो. 1987 मध्ये टकोमा येथे एका किशोरवयीन मुलीचे अपहरण आणि तिच्यावर अत्याचार झाला होता. त्या घटनेवरचे ‘पॉली’ हे गाणे गुन्हेगाराच्या तोंडी आहे, तेही साध्या गिटारवर, आवाज न चढवता गायलेले, आणि त्या थंडपणामुळेच ऐकणाऱ्याचा थरकाप होतो. समलिंगी व्यक्ती, स्त्रिया किंवा परवर्णीयांचा द्वेष करणाऱ्यांनी आमच्यापासून दूर राहावे, असे त्याने 1992 च्या ‘इन्सेस्टिसाइड’ या संकलनासोबतच्या टिपणात लिहिले होते. पौरुषाच्या बढाईने भरलेल्या तत्कालीन रॉकमध्ये हे बोलणे सोपे नव्हते.

त्याच्या दुःखातून आणि हेरॉइनच्या व्यसनातून ही कला जन्मली, हा समज मात्र निक्षून नाकारला पाहिजे. जानेवारी 1994 मध्ये ठरवलेल्या तीन दिवसांच्या ध्वनिमुद्रणास तो अखेरच्या दिवशी आला आणि त्यातून एकच गाणे पूर्ण होऊ शकले. व्यसनाने त्याच्याकडून काम हिरावून घेतले; दिले काहीच नाही.

त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा 18 नोव्हेंबर 1993 रोजी न्यूयॉर्क येथे एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमासाठी झालेल्या मैफलीत आहे. विद्युत गिटारचा कल्लोळ वगळून गाणी सादर करणे हे त्या कार्यक्रमाचे स्वरूप. कोबेनने आपली गिटार ध्वनिवर्धकातून वाजवल्याने नियमाचे पालन काटेकोर झाले नाही, तरी गाण्यांची परीक्षा झालीच. ज्या आवरणाला ग्रंज म्हणत ते जवळजवळ संपूर्ण काढून घेतल्यावरही चाली ताठ उभ्या राहिल्या. त्याने ‘टीन स्पिरिट’ गाण्याचे टाळले आणि 14 पैकी 6 गाणी इतरांची निवडली, त्यांतील तीन ‘मीट पपेट्स’ या अल्पज्ञात बँडची, तीही त्या बँडमधील दोघा भावांना सोबत बसवून. शेवटचे गाणे लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने गाजवलेले एक जुने अमेरिकी लोकगीत होते. त्याच्या अखेरच्या कडव्यात कोबेन आवाज वरच्या सप्तकात नेतो, तो चिरकतो, तुटायला येतो, आणि तरीही सुराची जागा सोडत नाही. घशाच्या खरखरीला सुराशी इतके बांधून ठेवणारे गायक रॉकमध्ये फार थोडे झाले. टोरी एमॉस या गायिकेने केवळ पियानोवर आणि ‘द बॅड प्लस’ या त्रयीने जॅझच्या अंगाने ‘टीन स्पिरिट’ सादर केले आणि दोन्ही वेळा गाणे शाबूत राहिले. मूळ नादाखेरीज टिकणारी रचना ही थोर रचनाकाराची खूण मानली, तर कोबेन त्या नावाला पात्र ठरतो. त्याचा आवाका मात्र अरुंद होता. बॉब डिलनसारख्या दीर्घकाळ वळणे घेत गेलेल्या गीतकाराच्या पंक्तीत त्याला बसवता येत नाही, आणि त्याची थोरवी सांगताना ही मर्यादा लपवू नये.

नव्या श्रोत्याने ही मैफल प्रथम ऐकावी आणि मग स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘इन युटेरो’ या 1993 च्या अल्बमकडे वळावे. ‘पेनीरॉयल टी’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही गाणी दोन्हीकडे आहेत, आणि मैफलीत कोबेनने ‘पेनीरॉयल टी’ एकट्याने, केवळ आपल्या गिटारच्या साथीने गायले आहे. ती एकाकी चाल कानात घेऊन अल्बममधील आवृत्ती ऐकली, की तेथील गोंगाटाखालीही तीच चाल जशीच्या तशी चालताना ऐकू येते.