मुरंबा टिकतो; मग उकडलेले गाजर का नाही?

हिवाळ्यात गुरुग्राम परिसरातील परसबागांत गाजर, फुलकोबी व सलगम एकाच वेळी विपुल येतात. आवळ्याचा मुरंबा वर्षभर टिकतो, तशी गाजरेही पाण्यात उकळून बरणीत बंद करून ठेवावीत, असे कोणास वाटेल. परंतु तसे करणे घातक होय.

अन्न नासते ते बहुधा सूक्ष्मजीवांमुळे. मुरंब्यात साखर सुमारे ६८ टक्के असली, म्हणजे त्यांना वाढीस लागणारे पाणीच मिळत नाही. शिवाय आवळा मूळचाच आंबट. गाजरात तो आंबटपणा नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. हवाबंद बरणीत ते रुजून प्राणघातक विष निर्माण करतात, आणि वासावरून ते ओळखता येईलच असे नाही. बीजाणूंच्या नाशासाठी वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. मात्र पदार्थाचा पीएच अंक ४.६ किंवा त्याहून कमी असल्यास ते वाढू शकत नाहीत.

म्हणूनच उत्तर भारतात या तीन भाज्यांच्या लोणच्यात मोहरी, मीठ व गूळ यांच्या जोडीने शिरका घालतात. तेल केवळ हवा अडविते. आंबटपणाचे काम ते करू शकत नाही. तेव्हा चवीसाठी शिरका कमी करणे म्हणजे बरणीचा रक्षकच काढून घेणे होय.