लेखांक १४ : ‘ईना मीना डीका’ आणि मिरजेचा तराणा

विजेच्या गिटारीवरील विवेचन या आठवड्यात यावयाचे होते, परंतु पारगाव-खंडाळ्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न असा आहे की त्याला चार ओळींत उत्तर देणे म्हणजे प्रश्नाचीच उपेक्षा करणे होईल. म्हणून गिटार एक आठवडा पुढे ढकलली आहे. प्रश्नाचे दोन भाग आहेत. ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे हिंदी चित्रपटसंगीतातील आरंभीचे रॉक अँड रोल गीत मानले जात असेल, तर ते बिल हेलीच्या गाण्याची नक्कल आहे काय, हा पहिला. आणि १९९८च्या ‘गुलाम’मधील ‘आती क्या खंडाला’ या गीताशी त्याचे काही नाते लागते काय, हा दुसरा.

बिल हेली आणि त्याच्या ‘कॉमेट्स’ या वाद्यवृंदाने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केले, त्या वेळी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढील वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ते वाजले आणि जुलै १९५५मध्ये अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. बॅकबीट, म्हणजे चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा ठळक आघात, हे त्याचे मर्म गेल्या लेखात सांगून झाले आहे. ‘ईना मीना डीका’ने हेलीपासून काही घेतले असेल, तर ते एवढेच : धावती लय, तिचा हा आघात आणि शब्द लयीवर फेकण्याची बेफिकिरी. चाल हेलीची नाही. संगीतकार सी. रामचंद्र यांना परकी चाल उचलण्याचे वावडे होते असे मात्र नव्हे, कारण ‘समाधी’ (१९५०) या चित्रपटातील ‘गोरे गोरे’ हे गीत एका लॅटिन अमेरिकी धाटणीच्या चालीवर उघडपणे बेतलेले आहे; ‘ईना मीना डीका’च्या बाबतीत तशी उसनवारी करण्याची त्यांना गरज पडली नाही, आणि ती का पडली नाही हेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. चित्रपटाच्या धंद्यात उमेदवारी करण्यापूर्वी ते पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिकले. विनायकबुवा मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि त्यांच्या गायकीत सर्वाधिक नावाजलेला प्रकार कोणता, तर तराणा. तराणा म्हणजे अर्थवाही काव्याऐवजी ‘तनन’, ‘दिर दिर’, ‘तोम्’ अशा अक्षरसमूहांवर बांधलेली बंदिश, जी सामान्यतः द्रुत लयीत गायली जाते आणि जिच्यात गायकाची जीभ तबल्याच्या बोटांशी बरोबरी करीत असते. शब्दाला अर्थ नसला तरी त्याला वजन असते, त्याचा उच्चार मात्रेवर नेमका पडला तर तो स्वतःच एक वाद्य होतो, ही जाण ज्या विद्यार्थ्याच्या कानात तराण्याने रुजवली होती, त्याला निरर्थक अक्षरांवर आख्खे गाणे उभे करण्याचे धाडस अमेरिकेतून मागवावे लागले नाही. कागदपत्रांनी सिद्ध होईल असे हे विधान नव्हे. परंतु विनायकबुवांचा एखादा द्रुत तराणा आणि किशोरकुमारांच्या आवाजातील हे गीत लागोपाठ ऐकणाऱ्या कानाला ते नाते चुकणार नाही.

गीताच्या शब्दांविषयी असे सांगितले जाते की, संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळताना ‘राज्य’ कोणावर ते ठरविण्यासाठी इंग्रजी मोजणीगीत म्हणत होती, ते संगीतकाराच्या कानावर पडले, त्यातून मुखडा सुचला आणि गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली. पुढील रचना राजेंद्र कृष्ण यांची. ‘अटक मटक’ खेळत वाढलेल्या मराठी मुलांना हे गाणे पहिल्या ऐकण्यातच आपले वाटले, यात म्हणूनच काही नवल नाही.

गोव्याच्या वादकांचा विषय येथे ओझरता सोडून देणे अन्यायाचे ठरेल. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन, म्हणजे पाच रेघांवर सुरांच्या खुणा मांडण्याची पद्धत, लहानपणीच शिकविली जाई. ही मुले पुढे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला येत. हल्दोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, जे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्धीस आले, ते रामचंद्र यांच्या वाद्यवृंदातले ट्रंपेटवादक व साहाय्यक. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. संगीतकार चाल गाऊन दाखवी, ती कागदावर उतरवून ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट यांना वेगवेगळे काम वाटून देणे ही संयोजकाची जबाबदारी असे, आणि श्रेयनामावलीत मात्र या मंडळींचे नाव क्वचितच झळके. ‘ईना मीना डीका’तील पितळी वाद्यांचे तुकडे इतके काटेकोर वाजतात याचे कारण ही चर्चमधली तालीम आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासात या वादकांचे ऋण जेवढ्या ठसठशीतपणे नोंदले जावयास हवे होते, तेवढे ते आजही नोंदले गेलेले नाही.

या गीताचा टिकून राहिलेला प्रभाव सामान्यतः किशोरकुमारांच्या खात्यावर जमा केला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. चित्रपटात हे गीत दोनदा येते आणि दुसऱ्यांदा ते आशा भोसले यांच्या आवाजात वैजयंतीमालांच्या तोंडी आहे. आशाबाईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३चा, सांगलीचा. वडील मास्टर दीनानाथ यांच्या नाट्यपदांतील अनपेक्षित, झपाट्याच्या जागा त्यांच्या घरच्याच होत्या. किशोरकुमारांनी या गीतात मौज केली आहे. आशाबाईंनी ते लयीत चोख बसवून गायले आहे, अक्षर नेमके आघातावर टाकले आहे आणि तरीही आवाजातील खट्याळपणा ढळू दिलेला नाही. त्याच १९५७ साली ‘नया दौर’मध्ये ओ. पी. नय्यर यांच्याकडे त्यांच्या आवाजाला मानाचे स्थान मिळाले, आणि नऊ वर्षांनी ‘तीसरी मंझिल’ (१९६६) या चित्रपटात राहुल देव बर्मन यांनी ‘आजा आजा’साठी जो श्वास आणि जी लयकारी मागितली, ती देणारा गळा तोपर्यंत सिद्ध झालेला होता. पाश्चात्त्य लय पेलणारा स्त्रीचा आवाज हिंदी चित्रपटाला ज्या गीतांनी दिला, त्यांत ‘ईना मीना डीका’चे स्थान अगदी पुढचे आहे, आणि या गीताचा सर्वांत दूरगामी परिणाम तोच होय.

आता खंडाळा. गीतातील खंडाळा बोरघाटाच्या माथ्यावरचा, पुणे जिल्ह्यातला. खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे, सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव ते नव्हे, हे प्रश्नकर्त्यालाही ठाऊक आहेच. जतीन-ललित यांनी स्वरबद्ध केलेले हे गीत आमिर खान यांनी अलका याज्ञिक यांच्यासह स्वतः गायले, आणि त्यात आवाजाची तयारी नव्हे तर बोलण्याचा सूर महत्त्वाचा ठरला. त्याचे नाते ‘ईना मीना डीका’शी नसून त्याच संगीतकाराच्या दहा वर्षे अगोदरच्या ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटातील ‘आना मेरी जान’शी आहे. तेथेही पुरुष स्त्रीला फिरावयास येण्याचे आमंत्रण देतो, तेथेही गीत संवादातूनच पुढे सरकते, आणि तेथेही पुरुषाचा आवाज व्यावसायिक पार्श्वगायकाचा नसून खुद्द संगीतकाराचा, म्हणजे ‘चितळकर’ या नावाने गाणाऱ्या सी. रामचंद्र यांचा आहे. बोलता बोलता गाणे ही जी रीत रॉक अँड रोलने जगभर रूढ केली, ती हेलीचे गीत येण्याच्या सात वर्षे आधी मुंबईत पोहोचलेली होती. त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाते आहे, पण चुलत घराण्यातले’ असे द्यावे लागते.

याच रामचंद्रांनी ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’ला चाली दिल्या, ही गोष्ट त्यांच्या पाश्चात्त्य गीतांची चर्चा करताना अनेकदा विसरली जाते. मराठीत त्यांनी भक्तिरसाला हात घातला आणि रॉक अँड रोल हिंदीत केले. मराठी चित्रपटाने १९५७च्या सुमारास त्यांच्याकडून असे एखादे गीत मागून घेतले असते, तर मराठी गाण्याला एक वेगळी वाट तेव्हाच फुटली असती.

खंडाळा, वाई, मिरज, सांगली या पट्ट्यातील ज्या वाचकांच्या घरी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील, त्यांनी त्या भंगारात घालण्यापूर्वी एकदा वरचे लेबल वाचून पाहावे आणि सी. रामचंद्र वा चितळकर हे नाव आढळल्यास ती तबकडी जपून ठेवावी. विजेची गिटार पुढील आठवड्यात.