मल्लाची अखेरची कुस्ती

२१ फेब्रुवारी २०२३ च्या रात्रीं टोकियो डोम नांवाच्या प्रचंड छपराखालीं ३०,०९६ प्रेक्षक जमले होते. हें क्रीडागृह १९८८ सालीं उघडलें तें मुख्यतः बेसबॉलच्या खेळासाठीं. परंतु त्या रात्रीं त्याच्या मध्यभागीं दोरांनीं वेढलेला एक चौथरा मांडलेला होता, आणि नुकतीच साठी गांठलेला एक मल्ल त्यावर आपली शेवटची कुस्ती खेळणार होता. केइजी मुटो असें त्याचें नांव. त्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या जागीं शस्त्रवैद्यांनीं बसविलेले कृत्रिम सांधे होते, खुब्याचा सांधा निकामी होत चालला होता, आणि महिन्यापूर्वींच्या एका कुस्तींत दोन्ही मांड्यांचे मागील स्नायू दुखावले होते. अशा माणसानें कुस्तीस उभें राहावेंच कां, आणि तो उभा राहिला असतां हजारों सुबुद्ध माणसांनीं पैसे मोजून तें पाहावयास जावेंच कां, हा प्रश्न पुष्कळ श्रोत्यांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं जपानांतील धंदेवाईक कुस्ती म्हणजे काय प्रकार आहे हें थोडें समजून घेतलें पाहिजे.

आपल्याकडील तांबड्या मातींतील कुस्ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ती कुस्ती प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. तेथें प्रतिस्पर्ध्याचे खांदे चौथऱ्यास टेकवून पंचानें हातानें तीन ठोके मोजेपर्यंत ते दाबून ठेवावे लागतात; किंवा एखादी पकड अशी घालावी लागते कीं, ती असह्य होऊन प्रतिस्पर्ध्यानें हार कबूल करावी. शिवाय दोरांवरून उड्या मारणें, कोपऱ्यांतील खांबावर चढणें, हेंहि सर्व तेथें चालतें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, कोणीं जिंकावें हें आधींच ठरलेलें असतें. हें ऐकून कित्येकांच्या कपाळाला आंठ्या पडतील. ठरवून खेळलेली कुस्ती ही आपल्या दृष्टीनें तालमीला लाज आणणारी गोष्ट. परंतु जपानी प्रेक्षक भोळा आहे आणि त्याला कोणी फसवितो आहे, अशी समजूत करून घेऊं नये. नाटकांतील राजा खरोखर मरत नाहीं हें जाणणारा प्रेक्षकच नाटक पाहून रडतो. तेथील प्रेक्षकाचेंहि तसेंच आहे; फरक इतकाच कीं, येथें नटाच्या हाडांना खरा मार बसतो. चौथऱ्याच्या पातळ गादीखालीं लांकडी फळ्या असतात, आणि त्या फळ्यांशीं कोणाचाहि आगाऊ करार झालेला नसतो.

मुटोच्या गुडघ्यांची कथा येथूनच सुरू होते. त्याची नांवाजलेली उडी म्हणजे मूनसॉल्ट. प्रतिस्पर्धी खालीं उताणा पडला असतां त्याच्याकडे पाठ करून कोपऱ्यांतील सर्वांत वरच्या दोरावर चढावयाचें, आणि तेथून मागच्या मागें कोलांटी घेऊन त्याच्या अंगावर पालथें कोसळावयाचें, असा हा डाव. ही उडी कांहीं मुटोनें शोधून काढली नाहीं. पण सहा फुटांहून उंच आणि अंगानें भरलेल्या माणसानें ती इतक्या चपळाईनें घ्यावी याचें लोकांना मोठें अप्रूप वाटे. उडी पुरी होतांना अंगाचा भार बऱ्याच अंशीं उडी घेणाराच्या गुडघ्यांवर येतो. एकदां आला तर कांहीं बिघडत नाहीं. तो वर्षानुवर्षें, गांवोगांवच्या फडांतून येत राहिला म्हणजे काय होतें, हें मुटोच्या चालण्यावरून पुढें कोणासहि दिसूं लागलें.

मुटोचा जन्म २३ डिसेंबर १९६२ चा, फूजी पर्वताच्या पायथ्याच्या फूजियोशिदा गांवचा. तरुणपणीं तो जूदो खेळला, आणि जूदोच्याच परंपरेंत जपानांत जी हाडवैद्यकी शिकवितात तिचा परवानाहि त्यानें मिळविला. ज्यानें प्रथम दुसऱ्यांचे सांधे नीट बसविण्याची विद्या घेतली, त्यानेंच पुढें आपले सांधे असे उधळून टाकावे, हा योगायोग कांहीं लहान नाहीं. १९८४ सालीं तो न्यू जपान या मंडळींत दाखल झाला. ही मंडळी प्रसिद्ध मल्ल अँटोनियो इनोकी यानें १९७२ सालीं स्थापिली होती. त्याच वर्षीं मासाहिरो चोनो आणि शिन्या हाशिमोटो हे आणखी दोघे तरुण तेथें आले. मुटो व चोनो या दोघांनीं आपापल्या आयुष्यांतील पहिली कुस्ती ५ ऑक्टोबर १९८४ या दिवशीं एकमेकांशींच खेळली. पुढें हे तिघे ‘तीन शिलेदार’ म्हणून गाजले.

१९८९ सालीं मुटो अमेरिकेंत गेला आणि तेथें त्यानें दुसरेंच रूप धारण केलें. तोंडाला रंग फांसलेला, तोंडांतून रंगीत फवारा प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत उडविणारा ‘ग्रेट मुटा’ हें तें सोंग. तें इतकें लोकप्रिय झालें कीं, मायदेशीं परतल्यावरहि मुटो कधीं आपल्या चेहऱ्यानें, तर कधीं त्या रंगविलेल्या चेहऱ्यानें खेळे. निवृत्तीच्या वेळीं या सोंगालाहि वेगळा निरोप द्यावा लागला. तो २२ जानेवारी २०२३ रोजीं योकोहामा येथें झाला, आणि मांड्यांचे स्नायू दुखावले ते त्याच कुस्तींत.

त्याच्या कीर्तीचा कळस म्हणजे ९ ऑक्टोबर १९९५ ची नोबुहिको टाकाडाशीं झालेली कुस्ती. याच टोकियो डोममध्यें, ६७,००० प्रेक्षकांसमोर. टाकाडाची मंडळी निराळी होती, आणि आपली कुस्ती तेवढी अस्सल, बाकीच्यांचा तमाशा, असा तिचा दावा असे. मुटोनें टाकाडाचा पाय धरून त्याला पिळून पाडलें, आणि पायांत पाय गुंतवून गुडघ्यावर ताण देणारी एक जुनीपुराणी पकड घालून त्याच्याकडून हार कबूल करविली. दुसऱ्याच्या गुडघ्यांवर असा घाव घालण्यांत मुटोचा हातखंडा होता. त्याचे स्वतःचे गुडघे तोंवर कुरकुरूं लागलेलेच होते. २००१ च्या सुमारास त्यानें एक नवा डाव काढला: एक गुडघा टेकून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवर पायरीसारखा पाय देऊन दुसऱ्या पायाच्या गुडघ्याचा तडाखा त्याच्या डोक्यास द्यावयाचा. उंचावरच्या उडीपेक्षां हा डाव पायांना सोसणारा. तरीहि मूनसॉल्ट त्याला सोडवेना, आणि लोकहि ती मागितल्यावांचून राहीनात.

अखेर मार्च २०१८ मध्यें दोन्ही गुडघ्यांचे सांधे काढून तेथें कृत्रिम सांधे बसविले. आतां ही उडी कायमची वर्ज्य, असें वैद्यांनीं बजावलें. यानंतर बहुतेक माणसें आरामखुर्चीचा आश्रय करतात. मुटोनें १२ फेब्रुवारी २०२१ रोजीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, नोआ या मंडळींतील सर्वश्रेष्ठ मल्लाचा पट्टा मिळविला! त्याच वर्षीं ६ जून रोजीं तो पट्टा राखतांना त्यानें वैद्यांची आज्ञा मोडून ती उडी घेतलीच, आणि तरीहि तो हरला. पुढच्या वर्षीं, १२ जून २०२२ रोजीं, त्यानें निवृत्तीची घोषणा केली. या वेळीं कारण होतें खुब्याचें.

जपानांत मल्लाच्या निवृत्तीस एक विधीचें स्वरूप आलेलें आहे. पुष्कळदां निवृत्त होणारा मल्ल चौथऱ्यावर एकटा उभा राहतो, घंटेचे दहा टोले सावकाश पडतात, आणि तेवढा वेळ सर्व क्रीडागृह निःशब्द असतें. याहून महत्त्वाची चाल अशी कीं, जाणारानें शेवटच्या कुस्तींत बहुधा हरावें, आणि तेंहि मागें राहणाराकडून. वर्षानुवर्षें मिळविलेलें नांव बरोबर घेऊन जाऊं नये, तें चौथऱ्यावर ठेवून जावें, अशी ही भावना. चालीला अपवाद आहेतच. खुद्द इनोकी ४ एप्रिल १९९८ रोजीं आपली अखेरची कुस्ती चार मिनिटांच्या सुमारास जिंकून गेला. आणि आट्सुशी ओनिटा नांवाचा एक मल्ल तर इतक्या वेळां निवृत्त झाला व परतला कीं, त्याच्या निरोपाला आहेर किती वेळां करावा हा प्रश्नच पडावा.

मुटोनें आपल्या निरोपासाठीं निवडलेला प्रतिस्पर्धी होता टेट्सुया नाइटो. हा न्यू जपानचा, म्हणजे मुटोनें जेथें आरंभ केला त्या घरचा, मोठा लोकप्रिय मल्ल; वय चाळीस. लहानपणीं तो मुटोचाच निस्सीम चाहता होता. त्याच्याहि गुडघ्यावर २०१२ सालीं शस्त्रक्रिया झालेली. तेव्हां त्या रात्रीं समोरासमोर उभे होते ते केवळ दोन मल्ल नव्हते. एकाच दुखण्याच्या दोन पिढ्या होत्या.

कुस्ती जवळजवळ अर्धा तास चालली. मुटो जपून, हिशेबानें खेळत होता. मधेंच त्यानें हाशिमोटोच्या पद्धतीचा हाताचा तिरपा वार नाइटोच्या मानेवर केला. मग मित्सुहारु मिसावाचा खास डाव टाकला. हाशिमोटो हा त्या तीन शिलेदारांपैकीं तिसरा, २००५ सालीं वारला. मिसावा हा नोआ मंडळीचा संस्थापक. तो २००९ सालीं हिरोशिमा येथें कुस्ती खेळतां खेळतांच कोसळला आणि त्याच रात्रीं मरण पावला. ज्यांना असा निरोप लाभला नाहीं, त्यांचे डाव मुटोनें आपल्या निरोपांत खेळले. प्रेक्षकांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाहीं.

परंतु सर्वांच्या नजरा ज्या क्षणाकडे लागल्या होत्या तो निराळाच. नाइटो उताणा पडला होता आणि मुटो कोपऱ्याकडे वळला. दोरास हात घातला, चढूं लागला. क्रीडागृह उठून उभें राहिलें. तेथें तो थांबला. कांहीं वेळानें पुन्हां कोपऱ्याकडे गेला, पुन्हां थांबला. मूनसॉल्ट झाली नाहीं. कोणत्याहि ठरावानें जी गोष्ट आणतां आली नसती ती येथें होती: उडी घ्यावी ही उभ्या सभागृहाची इच्छा, त्याची स्वतःचीहि इच्छा, आणि नाहीं म्हणणारे त्याचे पाय. त्या तीस हजारांत असे कित्येक असतील कीं, ज्यांनीं उडी व्हावी म्हणून आरोळी मारली आणि ती न झाल्यावर सुटकेचा निःश्वासहि टाकला.

२८ मिनिटें ५८ सेकंदांनीं नाइटोनें त्याचे खांदे टेकविले. चालीप्रमाणें मुटो हरला; निरोप पुरा झाला, असें सर्वांस वाटलें.

तों मुटोनें ध्वनिक्षेपक हातीं घेतला, आणि अजून आपली एक गोष्ट करावयाची राहिली आहे असें तो म्हणाला. चौथऱ्याच्या बाजूस बसून कुस्तीचें वर्णन करणारांत मासाहिरो चोनो होता. त्याला त्यानें हांक मारली. चोनो २०१४ पासून कुस्ती खेळला नव्हता. त्याचेंहि शरीर थकलें होतें. तो क्षणभर गोंधळला, मग चष्मा काढून ठेवला आणि दोर ओलांडून आंत आला. पंच म्हणून टायगर हाटोरी या वृद्ध पंचास बोलाविण्यांत आलें. तोहि यापूर्वींच निवृत्त झालेला. घंटा वाजली. दोघांनीं एकमेकांच्या मानेवर हात टाकून झोंबी घेतली. थोड्याच वेळांत चोनोनें आपली जुनी पकड घातली: प्रतिस्पर्ध्यास पालथें पाडून त्याचा पाय आपल्या पायांत अडकवावयाचा आणि दोन्ही हातांनीं त्याचा चेहरा मागें ओढावयाचा. १ मिनिट ३७ सेकंदांनीं मुटोनें हार कबूल केली. १९८४ च्या ऑक्टोबरांत याच दोघांची जी पहिली कुस्ती झाली होती, ती मुटोनें जिंकली होती.