शहरचे खत घ्यावे काय?



शेणखताची ओढाताण आता सर्वांनाच जाणवू लागली आहे. ट्रॅक्टर आला, दावण मोकळी झाली, उकिरडा आटला. प्रेसमड सगळ्यांना पुरत नाही. अशा वेळी जवळच्या नगरपालिकेचे कंपोस्ट स्वस्तात मिळते म्हटल्यावर ट्रॉली जोडायचा मोह होणारच. घ्यावे की नाही, अशी विचारणा गट ऑफिसात वरचेवर होते. जरूर घ्या, पण कचरा कुठे वेगळा केला ते आधी विचारा.

घरातच ओला-सुका वेगळा झाला असेल तर खत चांगले. सगळा कचरा एकत्र आणून मग चाळला असेल, तर बांगडीची काच, ब्लेडचे तुकडे, पिशव्यांच्या चिंध्या त्यात राहतातच. काच सरीत गेली की टिपरी दाबणाऱ्याच्या पायात शिरते. प्लास्टिक तर रानातून पुन्हा निघत नाही. आणि जुन्या सेलमधले धातू चाळणीला सापडतच नाहीत. गंमत बघा, कित्येक गावांत कचऱ्याच्या ढिगाला लोक 'कंपोस्ट डेपो' म्हणतात. खताचा तिथे पत्ता नसतो.

लहान पालिकेला हे जमते. सिंधुदुर्गातले वेंगुर्ला घ्या. 2011 च्या जनगणनेत वस्ती जेमतेम बारा हजार. तिथे घरोघरून कचरा वेगवेगळा घेण्यात आला. ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत केले, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात घातले, डेपोच्या जागी बाग उभी केली. सारी किमया स्वयंपाकघरातल्या वेगळ्या बादलीची.

आता हिशेब. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टात नत्र किमान 0.8 टक्के, स्फुरद व पालाश प्रत्येकी 0.4 टक्के आणि सेंद्रिय कर्ब 12 टक्के हवा. म्हणजे टनाला नत्र 8 किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका पोत्यात ते 20 किलोच्या वर असते. तेव्हा नत्रासाठी ट्रॉलीभाडे भरू नका, परवडायचे नाही. घ्यायचे ते कर्बासाठी. उसामागून ऊस घेऊन घट्ट झालेल्या जमिनीला त्याचीच भूक आहे.

कच्चे खत मात्र नकोच. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढतात, कोंब पिवळे पडतात आणि बोल लागतो बेण्याला. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर सावलीत ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर पक्के, आंबूस आला तर कच्चे. चार मिलिमीटरच्या चाळणीतून दहातले नऊ भाग खाली पडले पाहिजेत. शिसे किलोला 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या आत हवे. हे घरी कळत नाही, म्हणून तपासणीचा अहवाल पालिकेकडेच मागा. नाही म्हणाले तर ट्रॉली रिकामी आणा. दोन-चार रिकाम्या परतल्या की त्यांनाही घरोघरच्या बादलीची आठवण होईल.

लागणीआधी शेवटच्या कुळवाच्या पाळीला खत मिसळावे, पहिल्या वर्षी अर्ध्या एकरातच. पिशवीतला नमुना चिटबॉयजवळ दिला तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी